उजेडाचं टेबल

१२ जानेवारी

ती. वहिनी,

नमस्कार. हे पाकीट तुम्ही आधी उलटं करून झटकून बघणार, आत आणखी काही आहे का म्हणून. काही नाही. या खेपेला मीच मागायला आलोय.

बातमी अशी की खात्याने मला नव्या खुर्चीवर बसवलंय. अपंग माणसांना नोकरी मिळवून देणारी आणि ती टिकवायला मदत करणारी जी केंद्रं असतात, म्हणजे आपली घारी ज्यांच्यामार्फत हॉस्पिटलच्या धुलाईत लागली तसली, त्यांना अनुदान कशाच्या बळावर द्यायचं आणि चांगलं केंद्र कुठलं म्हणायचं, हे नव्याने ठरवायचंय. निकष लिहिणार मी. हसून घ्या. ज्याच्या निबंधातल्या चुका तुम्ही भाजी निवडता निवडता काढायचात, त्याच्या हातचा कागद आता सगळ्या केंद्रांना पाळावा लागणार.

आजवर केंद्राला माणशी पैसे मिळत. माणूस येऊन बसला की झालं. गेल्या महिन्यात मी अशाच एका केंद्रात गेलो होतो. चांगली हातापायांनी धड माणसं वर्षानुवर्षं एका हॉलमध्ये पाकिटं चिकटवत बसलीत. काम संपू नये म्हणून चिकटवलेली पाकिटं संध्याकाळी उकलून ठेवतात आणि सकाळी तीच परत देतात! मी तिथल्या बाईंना विचारलं, यांना बाहेर नोकरी का बघत नाही? त्या म्हणाल्या, "इथे सुखात आहेत की." माझं डोकंच फिरलं. माणूस बाहेर पडला की केंद्राचे पैसे बंद, मग त्याला बाहेर काढेल कोण? हे मला मोडायचंय.

म्हणून तुम्हाला विचारतो. घारीचं कसं चाललंय? केंद्राने तिच्या जोडीला दिलेल्या त्या सोबतीणबाई अजून लागतात का? खरं काय ते लिहा. फोनवर तुम्ही "सगळं छान" म्हणता आणि माझ्या वजनाची चौकशी सुरू करता.

तुमचा लाडका (असं मीच म्हणतो) दीर


२० जानेवारी

भाऊजी,

पाकीट झटकलंच मी. सवय जाते थोडीच.

तुम्ही निकष लिहिणार हे वाचून बरं वाटलं. ह्यांना आज किती आनंद झाला असता. धाकट्या भावाचं कौतुक करायला ह्यांना कारण लागायचंच नाही, आणि आता तर कारणही आहे.

लेकीचं विचारलंत. ऐका तर मग. ती बसते ते धुलाईतलं उजेडाचं टेबल. वर दुधी काच, खाली दोन ट्यूबलाइट. ऑपरेशनची हत्यारं ज्या हिरव्या कापडात गुंडाळतात, ते धुऊन आलं की काचेवर पसरायचं. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी त्यातून उजेड वर येतो. तिथे लाल टिकली चिकटवायची आणि कापड रफूच्या टेबलाकडे सरकवायचं. रफू झालं की पुन्हा धुवायचं आणि पुन्हा काचेवर. भोक राहून गेलं तर हत्यारांना जंतू लागतात म्हणे, म्हणजे खेळ नाही. बाकीच्या बायकांचे डोळे तासाभरात शिणतात. घारीचे नाही शिणत. तुमच्या स्वेटरचा सुटलेला टाका तिला दारातून दिसायचा आणि तुम्ही स्वेटर काढेपर्यंत ती त्यावर बोट ठेवून उभी राहायची, आठवतं का? त्याच बोटाचा आता पगार मिळतो.

सोबतीणबाई सुरुवातीला शेजारी बसायच्या. आता कशाला लागतायत? घारी एकटी जाते, एकटी काम करते, एकटी येते. बाई येतात अधूनमधून, पण त्या आपल्या चहाला. बोलायचं म्हणाल तर घारी अजून माझ्याशी चार शब्द बोलते, बाईंशी दोन, परक्याशी एकही नाही. पण कापड तपासायला तोंड कुठे लागतं?

जाऊबाईंना मुद्दाम सांगा. मागे तुमच्याकडच्या लग्नात त्यांनी पाहुण्यांसमोर तिच्या डोक्यावरून हात फिरवून "बिचारी" म्हटलं होतं. ती बिचारी आता स्वतःच्या पैशांनी चपला घेते म्हणावं.

बाकी ठीक. गेल्या आठवड्यात बाईंनाही बरं नव्हतं आणि घारीलाही जरा सर्दी होती, त्यामुळे तीन दिवस आम्ही दोघी घरीच होतो. वजन किती तुमचं?

वहिनी


९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

तुमच्या पत्राने माझं काम सोपं केलं. खरंच सांगतो.

परवा निकषांवर मोठी बैठक झाली. माझा मसुदा असा: माणूस नोकरीला लागल्यावर केंद्राने सोबत द्यायची, पण ती हळूहळू कमी करत न्यायची. सहा महिने संपताना सोबतीचे तास शून्यावर आले आणि माणूस कामावर टिकलेला असला, की तो स्वावलंबी. अनुदानाचा मोठा हिस्सा केंद्राला तेव्हाच मिळणार, आणि अशी माणसं जितकी जास्त तितकी केंद्राची श्रेणी वर. पाकिटं उकलून ठेवणाऱ्यांचा धंदा बसलाच म्हणून समजा.

एका लहानशा केंद्राचे चालक होते, जाड चष्म्याचे, सुरकुतलेल्या शर्टातले. ते म्हणाले, "साहेब, काहींना थोडी सोबत कायमच लागते. फार नाही, थोडी. ती शून्यावर आणली की सगळंच शून्यावर येतं." आणखी दोघातिघांनी माना डोलावल्या. तेव्हा मी तुमचं पत्र काढलं. नाव-गाव सांगितलं नाही, घाबरू नका. चपलांपर्यंत वाचून दाखवलं आणि पुढचा घरगुती मजकूर सोडून दिला. चष्मेवाले चष्मा पुसत बसले.

मसुदा एकमताने मंजूर. वहिनी, घारीने निकष लिहिलेत असं समजा. तुमच्या जाऊबाईंनाही वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात.

तुमचा दीर

ता.क. वजन विचारू नये.


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र सभेत वाचलंत हे काही बरं केलं नाहीत. घरात लिहिलेलं घरात राहावं. मी काय तुमच्या बैठकीला लिहिलं होतं?

आता तुम्ही वाचलंच आहे तर सांगते. मी थोडं फुगवून लिहिलं असेल. आई आहे मी, आणि त्या दिवशी ते "बिचारी" डोक्यात बसलेलं. बाई अगदी नुसत्या चहाला येतात असं नाही. कधी कापडांची गाडी उशिरा येते, कधी नेहमीच्या जागी नवा माणूस उभा असतो. अशा वेळी घारी थिजते. रडत नाही, ओरडत नाही, नुसती थांबते. तेव्हा बाई एखादं वाक्य बोलतात. "गाडी येतेय, तोवर टिकल्या मोजू." एवढंच. ते ऐकलं की ती पुन्हा हलते. दिवसाकाठी एखादंच वाक्य असतं, पण ते लागतं. तुमच्या त्या कागदात या वाक्याला कुठे जागा होते का बघा.

होत नसेल तर राहू दे. तुम्हाला जास्त कळतं. घारी सांभाळेल. आणि हे जाऊबाईंना सांगायची गरज नाही.

वहिनी


२ मार्च

ती. वहिनी,

तुमचं पत्र वाचून हसलो, रागावू नका. मला होस्टेलला सोडायला दादाबरोबर तुम्हीही आला होतात. रेक्टरना काय म्हणाला होतात? "याला उठवायला रोज कुणीतरी लागतं हो." महिनाभर मी रोज उशिरा पोचलो आणि मग उठायला लागलो, कारण उठवणारं कुणी उरलं नव्हतं. घारीचंही तसंच होईल. ज्या वाक्याची तुम्हाला काळजी वाटते ना, ते बाई बोलतात म्हणून घारी बोलत नाही. बाई गप्प राहिल्या तर ती बोलेल.

शिवाय कागदात "एखाद्या वाक्याला" जागा ठेवली की पाकीटवाले त्या फटीतून आख्खा हॉल आत घालतील. निकष एप्रिलपासून लागू होतायत. आधीपासून कामावर असलेल्यांनाही तिथूनच सहा महिने. सप्टेंबरअखेर घारी पहिल्या यादीत असेल, बघा. मला तिचा फोटो हवाय, कामाच्या टेबलापाशी बसलेला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर टाकतो.

काळजी करायची नाही. हे तुम्हीच मला शिकवलंय.

तुमचा दीर


२८ जून

भाऊजी,

फोटो मिळाला असेल. केंद्राच्या संचालकांनी स्वतः काढला. चार वेळा "हसा, हसा" म्हणाले. घारी कापडाकडे बघत राहिली, ते बरं आलंय.

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते ठरत नव्हतं. हे मी दिराला लिहितेय, साहेबांना नाही. साहेबांना दाखवू नका.

संचालकांनी मे महिन्यात बाईंचे तास निम्मे केले आणि जूनच्या सुरुवातीला बंदच केले. बिचाऱ्यांचा दोष नाही (बघा, हा शब्द मलाही लागला). तास दिसले तर पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत तर दिवे-भाडं कुठून भरणार? पहिल्या दिवशी घारी धुलाईच्या दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मुकादमाने हाताला धरून आत नेलं तर हात सोडवून घेतला. शेवटी मी जाऊन घरी आणलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई येतात. केंद्राच्या नव्हे, स्वतःच्या वेळेत. त्यांना दुसऱ्या माणसाकडे जायचं असतं, त्याआधी वाट वाकडी करून मागच्या फाटकाशी येतात, जिथे कापडांच्या गाड्या भरतात. आत जात नाहीत. खिडकीतून घारीला हात दाखवतात, घारी बघते आणि टेबलाचं बटण दाबते. काही अडलंच तर खिडकीतून ते एक वाक्य. कागदावर घारी एकटीच आहे. तुमचा निकष मोडत नाही आणि माझी पोर कामावर राहते. मला तर वाटतं, कुणाचंच काही वाईट होत नाहीये.

पण हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय कोण आहे?

वहिनी


८ जुलै

ती. वहिनी,

हे मला ठाऊक नसतं तर बरं झालं असतं.

तुम्ही दिराला लिहिलंत, पण दीर आणि साहेब एकाच खुर्चीवर बसतात. बाईंचं मन मोठं आहे, कबूल. पण विचार करा. घारीला सोबत लागते आणि कागद म्हणतो लागत नाही. अशा खोट्या कागदांवर मी पैसे वाटले तर पाकीटवाल्यांत आणि माझ्यात फरक काय? शिवाय बाई उद्या आजारी पडल्या, सोडून गेल्या तर? घारीला खरंच एकटीने करता यायला हवं, फाटकाच्या भरवशावर नको.

मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. सगळ्याच केंद्रांना एक साधं परिपत्रक धाडलंय: नोंद न करता दिलेली सोबत आढळली तर त्या माणसाची गणना स्वावलंबी गटात होणार नाही. एवढंच. कोणाला कळणारही नाही की ते कुठून सुचलं.

रागावू नका. सप्टेंबर फार लांब नाही.

तुमचा दीर


१५ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचं परिपत्रक आलं त्याच आठवड्यात संचालकांनी बाईंना बोलावून घेतलं. फाटकाशी दिसलात तर केंद्रातूनही जाल, म्हणाले. बाईंनी मला येऊन सांगितलं आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या. परिपत्रक का निघालं ते मला माहीत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. पाणी दिलं.

त्यानंतर घारी खरोखरच एकटी होती. मी फाटकापर्यंत सोडायची. ती आत जायची, कशी ते देव जाणे. घरी आली की जेवायची नाही, खिडकीशी बसायची. पण गेली. ऑगस्टभर गेली, सप्टेंबरभर गेली. सप्टेंबरअखेर केंद्राला तुमची वरची श्रेणी मिळाली. पेढे वाटावेत तसं संचालकांनी ते सगळ्यांना सांगितलं. पुस्तिकाही आली. पहिल्या पानावर घारी.

पुढच्या मंगळवारी ती कामावर जाऊन नुसती बसली. टेबलाचं बटण दाबलं, कापड काचेवर पसरलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून थांबली. मागे ढीग साचत गेला. मुकादम आधी गोडीत बोलला, मग चढ्या आवाजात. "बाई, काय झालं? टेबल चालू आहे, दिवा चालू आहे, हात का चालत नाही?" ही एक नाही की दोन नाही. दुपारपर्यंत ऑपरेशनकडून माणूस कापडं मागायला आला. दोन ऑपरेशनं पुढे ढकलली म्हणे. संध्याकाळी मुकादमाने तिला दारापर्यंत आणून सोडलं आणि उद्यापासून पाठवू नका म्हणाला. "एकटीला जमत असेल तरच ठेवायचं ठरलंय ना," तो म्हणाला. उद्धटपणे नव्हे. त्याला तसंच सांगितलेलं होतं.

तिच्या जागी बसवलेल्या बाईने दोन दिवसांनी तक्रार केली की डावीकडची ट्यूब गेलीय. उजवीकडची चालू होती, म्हणून काच उजळलेली दिसायची, पण डाव्या अंगाची भोकं कळत नव्हती. रफूवाल्या बाईंनी हे सोबतीणबाईंना सांगितलं आणि त्यांनी मला. घारीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, दोन्ही ट्यूब लागल्याशिवाय एकही कापड पुढे सोडायचं नाही. तिने सोडलं नाही.

बाई फाटकाशी असत्या तर म्हणाल्या असत्या, "मुकादमसाहेब, डावी ट्यूब बघा." बस, एवढं.

आणि माझं ऐका. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती स्वयंपाकघरातला दिवा लावत होती, विझवत होती. लावत होती, विझवत होती. मी दमले होते, तोंड लपवत होते. मी ओरडले, "पुरे, बल्ब जाईल." ती मला सांगत होती, भाऊजी. मुकादमाला कळलं नाही तर नवल काय, तिच्या आईलाच कळलं नाही.

जानेवारीत तुम्ही खरं लिहा म्हणालात. बाई तेव्हा अधूनमधून नाही, रोज येत होत्या. एकही दिवस चुकवत नव्हत्या. मला एका लग्नातला एक शब्द खोडायचा होता, म्हणून मी त्यांना चहाला बसवलं.

वहिनी


२४ ऑक्टोबर

ती. वहिनी,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं आणि दार लावून घेतलं.

मुकादमाला मी स्वतः फोन केला. ट्यूबचं त्यालाही नंतर कळलं होतं. वाईट वाटलं म्हणाला, पण जागा भरली आहे आणि पुन्हा तसं झालं तर वरून बोलणी खावी लागतील. संचालकांशी बोललो. ते म्हणाले, घारीचे सहा महिने पूर्ण झालेत, त्यामुळे तिची फाईल बंद झाली. आता सोबत द्यायला तिच्या नावावर पैसेच नाहीत. मग म्हणाले, "नियम तुमचाच आहे, साहेब." अगदी आदराने म्हणाले.

आमच्याकडे घारी अजून स्वावलंबी गटात आहे. मोजणी सप्टेंबरअखेरची, तिचं काम सुटलं ऑक्टोबरात. आकडा बदलता येतो का विचारलं, तर माझाच हाताखालचा माणूस मला माझं कलम वाचून दाखवायला लागला.

तुमचं जानेवारीचं पत्र परत काढलं. "बाईंनाही बरं नव्हतं आणि घारीलाही जरा सर्दी होती." वहिनी, चपलांनंतरचा घरगुती मजकूर म्हणून मी सभेत सोडलेलं वाक्य ते हेच. तुम्ही फुगवून लिहिलंत खरं, पण खरं काय तेही त्यातच लिहिलेलं होतं: बाई नाहीत तर घारी घरीच. मी वाचलं नाही. आणि जूनचं पत्र तर तुम्ही मला विश्वासाने लिहिलं होतंत, आणि मी त्याचं परिपत्रक केलं.

होस्टेलचं उदाहरण मी दिलं होतं. मला सकाळी उठता येत नव्हतं, एवढीच माझी अडचण होती. माझी आणि घारीची, दोन्ही अडचणी एकच वाटल्या मला. याची आता लाज वाटते.

मी कलम बदलून घेतो. तेवढं तरी माझ्या हातात आहे. घारीला माझा

(इथे पुढे काय लिहावं सुचत नाही. तसंच पाठवतो.)

तुमचा दीर


५ मार्च

ती. वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही. येऊ नये असंच मी वागलो, म्हणून विचारत नाही.

सोबत नव्या कलमाची प्रत आहे. चार महिने लागले. वित्त विभागाने तीनदा परत पाठवलं, पण काल सही झाली. कलम असं आहे: "ज्या व्यक्तीस नोकरी टिकवण्यासाठी सोबतीची गरज आहे, तिने मागणी केल्यास, सहा महिन्यांनंतरही मर्यादित तास सोबत देता येईल व त्यामुळे केंद्राची श्रेणी कमी होणार नाही." बंद झालेल्या फायलीही उघडता येतील. घारीची पहिली उघडू.

बैठकीत मला त्या चष्मेवाल्या चालकांची माफी मागायची होती. त्यांची खुर्ची रिकामी होती. त्यांनी सोबतीचे सगळे तास खरेखुरे नोंदवले, म्हणून त्यांच्या केंद्राला सगळ्यांत खालची श्रेणी मिळाली. अनुदान थांबलं आणि जानेवारीत केंद्र बंद झालं. त्या श्रेणीपत्रावर सही माझी आहे.

घारीला विचारून बघा. जायला तयार असेल तर मी सुट्टी काढून येतो, फाटकाशी मीच उभा राहतो.

तुमचा दीर


१९ मार्च

भाऊजी,

रागावले होते, पण तुमच्यावर जेवढी तेवढीच स्वतःवर, म्हणून लिहिणं होत नव्हतं. एकावर रागवायचं असतं तर लिहिलं असतं.

कलम वाचलं. चांगलं आहे. तुम्ही कष्ट घेतलेत हे दिसतं. फक्त "मागणी केल्यास" वर माझं बोट अडलं. मागणी कोण करणार? तिला ट्यूब गेली हे सांगता आलं नाही, तर ती अर्ज घेऊन कुठे जाईल? आज मी आहे, मी करेन. माझ्यानंतरचं सांगा.

सोबतीणबाईंनी केंद्र सोडलं. औषधांच्या दुकानात असतात. सुट्टीच्या दिवशी येतात, आणि आता खरोखरच चहाला येतात. मी त्यांना परिपत्रकाचं सगळं सांगितलं, जूनच्या पत्रासकट. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही तरी कुणाला सांगायचं होतं?" त्यानंतर दोन आठवडे आल्या नाहीत. मग आल्या.

तुमच्यासाठी घारीला विचारलं. "धुलाईत जायचं?" ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आता तिला फाटकाच्या रस्त्यानेही नेता येत नाही, लांबून जावं लागतं. तुम्ही येऊन उभे राहिलात तरी ती तिथे येणार नाही. पुढे कधी येईल का, दुसरीकडे काही होईल का, मला माहीत नाही. तुम्ही तरीही या मात्र. सुट्टी काढणारच आहात तर इकडे घालवा.

रफूवाल्या बाईंनी तिला लाल टिकल्यांचं अर्धं रीळ पाठवून दिलंय. सकाळी ऊन खिडकीत आलं की ती तिथे बसते आणि हाताला लागेल ते काचेवर धरते. माझे टॉवेल, उशांचे अभ्रे, दुधाची पिशवी. घरात लाल टिकली नसलेलं फडकं उरलेलं नाही. मी एकेक शिवत बसते. मला हसू येतं, खरंच येतं, आणि मग येत नाही.

काल तुमचं कलम टेबलावर होतं. तिने उचललं, खिडकीला धरलं. फायलीत लावायला तुमच्या ऑफिसने समासात पाडलेली दोन भोकं सापडली. दोन्हींवर टिकल्या लावल्या, बोटाने नीट दाबल्या, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. अगदी तिथे सरकवायची तसा.

मी तिला काही शिकवलं नव्हतं. तिला काय कळलं, काय नाही, हे विचारू नका. मला एवढंच ठाऊक आहे की तिच्याकडे लाल टिकली म्हणजे टाकून द्यायचं नसतं. दुरुस्त करून पुन्हा उजेडावर आणायचं असतं.

म्हणून परत पाठवतेय.

वहिनी